जयसिंग कोणाच्या बाजूने?

अंधेरी-घाटकोपरच्या मराठी शाळेतला मुसलमान मुलगा अफझलखानाच्या पाठाला मान खाली घालून बसतो. गुरुजी वावगे काही बोललेले नसतात. पुढच्या बाकावरची पोरे मागे वळून बघतात, एवढेच. हा अनुभव आपल्यापैकी अनेकांच्या गाठीशी आहे. म्हणूनच पाठ्यपुस्तकाचा विषय निघाला की आपण यादी काढतो : काझी हैदर, सिद्दी इब्राहिम, दौलतखान, पानिपतापर्यंत गेलो तर इब्राहिमखान गारदी. नावे खरी आहेत. कॉ. गोविंद पानसरे यांच्या ‘शिवाजी कोण होता?’ या पुस्तिकेने शिवकाळातली अशी नावे घरोघर नेली, ते ऋण मोठे आहे. पण अशी यादी म्हणजे शेवटी वर्तणुकीचा दाखलाच, आणि तो नेहमी आपणच काढायचा! त्याने पाठ बदलत नाही. लढाई धर्माचीच राहते, चार माणसे तेवढी अपवाद ठरतात.

२०१७ साली बालभारतीचे सातवीचे नवे इतिहासाचे पुस्तक आले. मोगल राजवट त्यात थोडक्यात आटोपली. सारा भर शिवकाळावर आणि मराठ्यांच्या सत्तेवर. महाराष्ट्रकेंद्री दृष्टी, असे त्याचे समर्थन झाले. आपल्याकडे हळहळ झाली ती अकबर गेला म्हणून. मला वाटते, त्याहून मोठे नुकसान शिवचरित्राचे झाले.

१६६५ चा पुरंदरचा तह घ्या. औरंगजेबाच्या वतीने समोर बसले होते मिर्झाराजे जयसिंग, आंबेरचे राजपूत. तेवीस किल्ले द्यावे लागले. एक राजपूत राजा दिल्लीसाठी दख्खनेत का उतरतो? याचे उत्तर अकबराने बसवलेल्या मनसबदारीत आहे, राजपूत घराण्यांशी जोडलेल्या सोयरिकीत आहे. तेवढीच पाने पातळ केली की मुलाच्या हाती एकच कारण उरते, धर्म. आणि त्याने जयसिंग उलगडत नाही. १६२४ ला भातवडीच्या रणात मलिक अंबरच्या बाजूने मोगलांशी लढणारे शहाजीराजेही उलगडत नाहीत. शिवाय ज्या सत्तेशी महाराजांनी झुंज दिली तिचे बळच कळले नाही, तर स्वराज्य उभे करणे किती अवघड होते हे मुलाला कळावे कसे?

महाराष्ट्रकेंद्रीच म्हणायचे तर पायाखालची साष्टी तरी वर्गात यावी. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतची ही जमीन गुजरातच्या सुलतानाने १५३४ मध्ये पोर्तुगीजांना दिली, १७३९ पर्यंत ती मराठ्यांनी जिंकली, १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतली. या उलाढालीत धर्म किती आणि बंदर, महसूल किती, हे सातवीच्या पोराला समजते. समजावणारा हवा.

गंमत अशी की २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात थेट इतिहासलेखनशास्त्र आहे. व्होल्टेअर, रांके, फुकोसुद्धा! साधने तपासा, प्रश्न विचारा, असे ते पुस्तक सांगते. हे उत्तम झाले. फक्त तपासायला दोन परस्परविरोधी साधने सातवीतच समोर ठेवली असती, तर फुको पाठ करावा लागला नसता.

आपल्या मोहल्ल्यांतून शिकवण्या चालतात, परीक्षेआधी ‘कारणे द्या’ घोकून घेतली जातात. तिथे यादीऐवजी हा एक प्रश्न टाकून बघावा : जयसिंग दिल्लीच्या बाजूने का लढले? पाच गुणांसाठी.