मिलानची झाडं, माणचं पाणी

झाडं आणि शेती सामावणाऱ्या इमारतींवरचं लेखन चाळलं की मिलानचं ‘बोस्को व्हर्तिकाले’ हमखास भेटतं. स्तेफानो बोएरी यांचे, २०१४ मध्ये पूर्ण झालेले हे दोन मनोरे. सज्जांमध्ये सुमारे ८०० झाडं. कल्पना देखणी आहे, पण तीच माणमध्ये सुचवणार असाल तर आधी पाण्याचा हिशोब मांडा.

माण पर्जन्यछायेत. वर्षाला ५०० मिमी पाऊस धरू. १०० चौरस मीटर छतावर, थेंबही वाया न जाता, ५०,००० लिटर मिळतील. पाच माणसांना रोज दरडोई ५५ लिटर धरले, तरी वर्षाला लाखभर लिटर लागतात. छत घरालाच पुरत नाही, मग झाडांना काय देणार?

आपल्या परसात मोरीच्या पाण्यावर केळ, अळू वाढतच होते. आराखडा तिथून सुरू करा. मग खरे प्रश्न सुचतील: साबणाच्या पाण्याने मातीचं काय होतं? १० सेंमी ओली माती चौरस मीटरला दीडशे किलोच्या वर भरते. जुना स्लॅब ती पेलेल का?

पुढचा प्रबंध वाचताना पाण्याचा तक्ता आधी शोधा. नसेल, तर तुमचा विषय तिथेच आहे.