सांधा सुटला पाहिजे

ओसाकाच्या २०२५ च्या जागतिक प्रदर्शनात वास्तुविशारद सोउ फुजिमोतो यांनी सुमारे दोन किलोमीटर परिघाचे लाकडी कडे उभारले. खांबातून आडवा वासा आरपार न्यायचा आणि पाचरींनी आवळायचा, ही त्यामागची ‘नुकी’ पद्धत जुनी. क्योतोच्या कियोमिझु मंदिराचा उंच सज्जा तिच्यावरच उभा आहे. ओसाकात मात्र सांध्यांना धातूचीही जोड द्यावी लागली. त्याने परंपरा बाटली असे मानायचे कारण नाही. जपानच्या प्राचीन होर्यूजी मंदिरातही घडीव लोखंडी खिळे आहेत. ‘एकही खिळा नाही’ हे जाहिरातीत शोभते. पण पारंपरिक सांध्याचे मोल वेगळेच आहे.

ते ‘कानावा’ सांध्यात दिसते. खांबाचा बुंधा कुजला की तेवढाच भाग कापतात आणि नवा तुकडा जोडतात. दोन्ही टोके एकसारखी कोरलेली असतात. ती आडवी सरकवून एकमेकांत बसवायची आणि मधल्या चौकोनी भोकात खुंटी ठोकायची. खुंटी आत जाते तशी टोके खाचांत घट्ट रुततात. खुंटी काढली की सांधा पुन्हा मोकळा. सांधा कोरणाऱ्याने पुढच्या दुरुस्तीचाही विचार केलेला असतो.

असा पुढचा विचार करायला मंदिरांचे सुतार त्सुनेकाझू निशिओका (१९०८–१९९५) सांगत राहिले. विजेने जळालेला होरिनजी मंदिराचा पॅगोडा पुन्हा बांधताना त्यात लोखंडी आधार नको, यावरून त्यांचा अभ्यासकांशी वाद झाला. लाकूड हवेतल्या ओलाव्याने फुगते-आकसते, लोखंड तसे वागत नाही; शिवाय ते गंजते. शतकांचा हिशेब धरला, तर त्यांची भीती रास्तच होती.

सांधे कोरण्याचे हे ज्ञान आज यंत्राच्या हाती गेले आहे. जपानमध्ये पारंपरिक चौकटीच्या बहुतेक नव्या घरांचे सांधे कारखान्यात कापले जातात. वास्तुविशारद शिगेरू बान यांच्या झ्युरिकमधल्या सातमजली तामेडिया इमारतीची (२०१३) लाकडी चौकट पोलादी जोडांशिवाय उभी आहे. अभियंता हेर्मान ब्लूमर यांच्यासोबत घडवलेल्या या चौकटीत लंबगोल छेदाचे आडवे वासे खांबांना जोडतात. गोल वासा छिद्रात फिरला असता. लंबगोल फिरत नाही. युक्ती सुताराची, अचूकता यंत्राची.

मर्यादाही आहेतच. खाच कोरली की वासा तिथे दुबळा होतो आणि त्याची भरपाई जाड लाकडाने करावी लागते. सांधा ओढ सोसण्यात पोलादी पट्टीची बरोबरी क्वचितच करतो. पण आजच्या बहुमजली लाकडी बांधकामात फळ्या सरसाने चिकटवून लांब स्क्रूंनी जखडतात, तेव्हा कुजलेला भाग बदलायची वाटच अरुंद होते. आपल्याकडे पुण्यातले वाडे उतरवताना निघालेल्या सागवानाला अजून गिऱ्हाईक मिळते, कारण ते पुन्हा वापरता येते. नव्या लाकडी इमारतींनाही हीच कसोटी लावावी. किती मजले चढले, हे त्यानंतर विचारावे. आधी विचारावे, यातला एक वासा बदलायचा झाला तर बाकीची इमारत न मोडता तो काढता येईल का?