आरोग्य योजनांचे गुणवत्ता मापन आणि अधिस्वीकृती : अमेरिकेतील 'हेडिस' व्यवस्थेची चिकित्सा

प्रस्तावना

अमेरिकेत बहुसंख्य नागरिकांचा वैद्यकीय खर्च नोकरीच्या ठिकाणी मिळणाऱ्या किंवा शासकीय साहाय्याने चालणाऱ्या आरोग्य योजनांमार्फत भागविला जातो. कोणत्या डॉक्टरांकडे जावे आणि कोणत्या उपचारास मंजुरी मिळावी, यांवरही योजनेचे नियंत्रण असते. १९७३ च्या कायद्याने ठरावीक रक्कम आगाऊ घेऊन सेवा पुरविणाऱ्या योजनांना उत्तेजन मिळाले. पैसे आधीच हाती पडत असल्याने सेवेत काटकसर करण्याचा मोह या रचनेतच होता. स्वस्त योजना चांगली आहे की केवळ कंजूष, हे ओळखण्याचे साधन कामगारांसाठी योजना खरेदी करणाऱ्या उद्योगांजवळ नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी 'हेडिस' ही निर्देशकांची संहिता आकारास आली. प्रस्तुत लेखात या संहितेचे यश, तिच्या मर्यादा आणि तिच्या मोजणीतून निसटणारा रुग्ण यांचा विचार केला आहे.

व्यवस्थेचे स्वरूप

१९९० मध्ये स्थापन झालेली 'नॅशनल कमिटी फॉर क्वालिटी अ‍ॅशुरन्स' ही ना-नफा संस्था या संहितेची देखभाल करते आणि योजनांना अधिस्वीकृतीही देते. 'नॅक'मुळे प्राध्यापकवर्गाला परिचित असलेली मानके, पुरावे, पडताळणी आणि ठरावीक मुदतीनंतरचे पुनर्मूल्यांकन ही चौकट येथेही आढळते. सेवेचा दर्जा, डॉक्टरांच्या पात्रतेची तपासणी, उपचार नाकारण्याच्या निर्णयांची पद्धत आणि सभासदांचा अनुभव अशा बाबी तपासल्या जातात. अधिस्वीकृती तत्त्वतः ऐच्छिक असली, तरी अनेक राज्ये गरिबांसाठीच्या 'मेडिकेड' योजनांकडून तिची मागणी करतात. त्यामुळे तिचे ऐच्छिकत्व बऱ्याच अंशी नाममात्र उरले आहे.

'हेडिस'मधील बहुतेक निर्देशकांची घडण अपूर्णांकासारखी असते. पात्र सभासदांची संख्या छेदस्थानी आणि अपेक्षित सेवा मिळाल्याची नोंद असलेल्यांची संख्या अंशस्थानी मांडली जाते. बालकांचे लसीकरण, स्तनकर्करोगाची चाचणी, रक्तदाबाचे व मधुमेहाचे नियंत्रण हे त्यांतील परिचित विषय होत. माहिती मुख्यतः विमा-दाव्यांतून घेतली जाते. काही निर्देशकांसाठी नमुना निवडून रुग्णांच्या नोंदवह्याही तपासल्या जातात, आणि सादर केलेल्या आकड्यांचे स्वतंत्र लेखापरीक्षण होते.

मापनाचे यश

या व्यवस्थेला केवळ कागदी ठरविणे अन्यायाचे होईल. हृदयविकाराच्या झटक्यानंतर 'बीटा-ब्लॉकर' औषध देण्याचा निर्देशक हे तिच्या यशाचे ठळक उदाहरण आहे. या औषधाचा लाभ संशोधनाने सिद्ध झालेला असूनही १९९० च्या दशकाच्या मध्यात अनेक पात्र रुग्णांना ते मिळत नव्हते. आकडे जाहीर होऊ लागल्यावर योजना आणि डॉक्टर यांच्यावर दबाव आला. पुढील दशकात हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर गेले आणि २००७ मध्ये हा निर्देशक निवृत्त करण्यात आला. काम फत्ते झाल्यामुळे एखादे मोजमाप मागे घेतले जावे, ही प्रशासनाच्या इतिहासात दुर्मीळ गोष्ट आहे.

या कथेला पुढे वेगळे वळणही मिळाले. हृदयाची आकुंचनक्षमता टिकून असलेल्या रुग्णांना आधुनिक उपचारांच्या काळात या औषधाचा तितकाच लाभ होतो का, हा प्रश्न पुन्हा उपस्थित झाला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रिड्यूस-एएमआय' चाचणीत अशा सुमारे पाच हजार रुग्णांचा अभ्यास झाला आणि त्यात औषधाचा लाभ आढळला नाही. नंतरच्या चाचण्यांचे निष्कर्ष मात्र एकमुखी नाहीत. निर्देशक हा त्या त्या काळच्या ज्ञानाचा गोठविलेला अंश असतो, ही बाब येथे लक्षात घ्यावी लागते.

मधुमेहाच्या बाबतीत ही बाब अधिक तीव्रतेने प्रत्ययास आली. रक्तशर्करेची तीन महिन्यांची सरासरी दर्शविणारे 'एचबीए१सी' सात टक्क्यांखाली असावे, असा निर्देशक संहितेत आला होता. २००८ मध्ये दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या 'अ‍ॅकॉर्ड' चाचणीतील अतिकठोर नियंत्रणाचा भाग त्या गटात मृत्यू अधिक आढळल्याने थांबवावा लागला. त्या गटाचे लक्ष्य सहा टक्क्यांखाली, म्हणजे निर्देशकापेक्षाही कडक होते. तरीही वृद्ध व हृदयरुग्ण यांना एकाच आकड्याकडे ढकलणे धोक्याचे ठरू शकते, हा बोध घेण्यात आला. सात टक्क्यांचा निकष निवडक रुग्णांपुरता सीमित झाला आणि आठ टक्क्यांचा सौम्य निकष जोडला गेला. संहितेची ही लवचीकता प्रशंसनीय आहे. तथापि, निकष बदलेपर्यंत त्याचे पालन करणारा डॉक्टरच 'गुणवान' गणला जातो, हेही तितकेच खरे.

पैशाची जोड

मोजमापाला पैसा जोडला की त्याचे स्वरूप पालटते. वृद्धांसाठीच्या 'मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज' योजनांना शासन तारांकने देते आणि त्यात 'हेडिस'च्या अनेक निर्देशकांचा समावेश असतो. २०१० च्या आरोग्यसुधारणा कायद्याने चार किंवा अधिक तारे मिळविणाऱ्या योजनांना वाढीव मोबदला देण्याची तरतूद केली आणि २०१२ पासून ती अमलात आली. त्यामुळे दशांशातील फरकालाही मोठे आर्थिक मूल्य आले. २०२४ मध्ये युनायटेडहेल्थकेअर या कंपनीने शासनाच्या एका चाचणी-दूरध्वनीच्या मूल्यांकनाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. टेक्सासमधील न्यायालयाने तो दूरध्वनी वगळून तारांकन पुन्हा काढण्याचा आदेश दिला. कंपनीची बाजू कायद्याने योग्य ठरली. परंतु एका दूरध्वनीवरून न्यायालय गाठावे लागते, यातून गुणवत्तेच्या चर्चेचे केंद्र रुग्णशय्येपासून किती दूर सरकले आहे, हे दिसून येते.

छेदाबाहेरचा रुग्ण

या व्यवस्थेची सर्वांत गंभीर मर्यादा अंशात नसून छेदात आहे. बहुतेक निर्देशकांसाठी सभासद ठरावीक काळ अखंडपणे योजनेत असावा लागतो. वर्षभराच्या निर्देशकांत साधारणतः ४५ दिवसांपर्यंतचा एकच खंड चालतो. ही अट तर्कशुद्ध आहे, कारण जो रुग्ण योजनेत नव्हताच त्याच्या उपचारासाठी तिला जबाबदार धरता येत नाही. परंतु ज्यांचे विमासंरक्षण वारंवार तुटते, ते प्रामुख्याने अस्थिर रोजगाराचे व अल्प उत्पन्नाचे लोक असतात. करोनाकाळातील संरक्षण संपल्यावर २०२३ पासून दोन कोटींहून अधिक लोकांची नावे 'मेडिकेड'मधून कमी झाली. त्यांतील बहुतेकांची नावे कागदपत्रांची पूर्तता न झाल्याने गेली. काही जण पुढे परत आले, पण मधल्या काळात चुकलेली तपासणी वा खंडित झालेले औषध कोणत्याच योजनेच्या गुणपत्रिकेत उमटण्याची शक्यता कमी राहिली. ज्याची आबाळ सर्वाधिक, तोच मोजणीतून गळतो आणि योजनेची टक्केवारी अबाधित राहते.

अलीकडे वंश व वांशिकतेनुसार निकाल वेगळे मांडण्याची पद्धत सुरू झाली आहे. सरासरीखाली दडलेली विषमता त्यामुळे उघड होते, म्हणून हे पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र छेदात असलेल्यांचीच ती विभागणी असल्याने छेदाबाहेरचा प्रश्न तिने सुटत नाही.

समारोप

एव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचा विचार संरचना, प्रक्रिया आणि परिणाम या तीन अंगांनी मांडला. अधिस्वीकृती मुख्यतः संरचना तपासते आणि 'हेडिस' बहुतांशी प्रक्रियेचे मोजमाप करते. परिणामांचे मोजमाप तुलनेने कमी आहे, कारण ते कठीण आणि खर्चिक आहे. मापन सोडून देणे हा यावरील उपाय नव्हे, कारण मापनाअभावी 'बीटा-ब्लॉकर'विषयीचे दुर्लक्ष उघडकीसच आले नसते. आवश्यकता आहे ती प्रत्येक निर्देशकासोबत त्यातून वगळलेल्यांची संख्या आणि वगळण्याची कारणे प्रसिद्ध करण्याची. अशी माहिती शेजारी असेल, तर टक्केवारी वाचणाऱ्यास ती किती लोकांविषयी बोलते आणि किती लोकांविषयी मौन पाळते, हे कळू शकेल. अहवालाची पूर्तता आणि रुग्णाची शुश्रूषा यांतील अंतर त्याशिवाय मोजता येणार नाही.