चांदणे आणि खोपटातला दिवा

आपल्याकडची सौंदर्यवादी समीक्षा निसर्गचित्राला 'तरल', 'गूढ', 'काव्यात्म' अशी विशेषणे चिकटवते आणि मोकळी होते. चित्र चांदण्या रात्रीचे असेल तर विचारायलाच नको. पण हा भाव रंगांतून उभा कसा राहतो, आणि चित्रकार कुणाच्या बाजूला उभा राहून रात्र पाहतो, हे प्रश्न आपणच विचारले पाहिजेत.

अर्खिप कुइंजी हा मारिउपोलच्या एका गरीब चांभाराचा मुलगा. लहानपणीच पोरका झाला, हंस राखून पोटाला मिळवू लागला. १८८० साली सेंट पीटर्सबर्गला त्याने 'नीपरवरील चांदणी रात्र' हे एकच चित्र अंधाऱ्या दालनात, दिव्याच्या झोतात मांडले. मागे दिवा दडवला आहे की काय, म्हणून लोक चित्रामागे डोकावत, असे सांगतात.

यात जादू नाही, हिशोब आहे. बहुतेक कॅनव्हास त्याने काळोखाला दिला. उजेड चंद्राला, ढगांच्या कडांना आणि नदीच्या पट्ट्याला. तोही हिरवट, थंड. आणि खाली काठावर, अंधारात बुडालेल्या खोपटांत, दिव्याचा तांबूस ठिपका. त्याच्या उबेमुळे चांदणे अधिक थंड होते, आकाश अफाट होते. तो पुसला तर चित्र देखणे राहील, पण ओसाड होईल. चांभाराच्या मुलाला तो दिवा दिसावा, हा मला योगायोग वाटत नाही.

शहापूर-मुरबाडच्या माझ्या विद्यार्थ्यांना हे चित्र दाखवले, तेव्हा एकजण म्हणाला, "सर, हे तर आपलं भातसा धरण!" खरेच आहे. तानसा-भातसाच्या पाण्यावरचे चांदणे कुणालाही वेड लावील. पण ते पाणी मुंबईला जाते, आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बाया विहिरीत पाणी झिरपण्याची वाट पाहत रात्री काढतात. माझी आई पहाटेच्या चांदण्यात गवत कापायला निघायची. "चांदणं हाय तवर वाट उरकू," म्हणायची. चांदण्याचे तिचे रसग्रहण एवढेच, पण ते खोटे नव्हते.

कुइंजीने वापरलेले डांबरी रंग पुढे काळवंडले, चित्रातला अंधार वाढला. तरी दिवा त्याने लावलेला होता. उद्या आपला एखादा पोरगा धरणावरचे चांदणे रंगवील. त्याने ते जीव ओतून रंगवावे; फक्त काठावरचे खोपट विसरू नये.