डोहाळ्यांच्या अलीकडचे दिवस

गेल्या वैशाखांत माझी पुतणी कांहीं दिवस आमच्याकडे राहावयास आली होती. दोन वर्षांपूर्वीं तिचा पहिला गर्भ गर्भाशयांत न रुजतां बीजवाहक नळींत रुजला. नळी फुटली, आणि रातोरात शस्त्रक्रिया करून ती काढावी लागली. आतां तिला पुन्हां दिवस गेले होते. सहावा आठवडा लागावयाचा होता. एके सायंकाळीं माझ्या कपाटासमोर उभी राहून ती म्हणाली, "काका, एवढ्या पुस्तकांत माझ्यासारखीनें सध्यां वाचावें असें एखादें आहे का हो?" तीस वर्षें साहित्य शिकवीत आलों, पण हात पुढें करून मला एकही पुस्तक काढतां आलें नाहीं. प्रस्तुत लेख हा त्या फजितीचा परिणाम होय.

गर्भवतीचें वर्णन आपल्या वाङ्मयांत थोडें नाहीं. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गांत सुदक्षिणेचा फिकटलेला चेहरा, तिची माती खाण्याची आवड आणि त्या मातीच्या वासानें तृप्त न होणारा दिलीप, हें सर्व कालिदासानें मोठ्या नाजूकपणें रंगविलें आहे. उत्तररामचरिताच्या पहिल्या अंकांत भवभूतीनें थकलेल्या सीतेला रामाच्या बाहूवर निजविलें आहे. परंतु ह्या दोघींचा गर्भ स्थिर झालेला आहे. तो आहे कीं नाहीं, असला तर कोठें आहे, ही शंका त्या काव्यांत शिरतच नाहीं. सुश्रुताच्या मतें चौथ्या महिन्यांत गर्भाचें हृदय व्यक्त होतें, म्हणून त्या स्त्रीला दोन हृदयांची, दौहृदिनी, म्हणावयाचें. म्हणजे आमच्या रसिकतेचें पंचांग चौथ्या महिन्याला उघडतें! माझ्या पुतणीचें जें भय, त्याचा निकाल तोंपर्यंत इकडे किंवा तिकडे लागून गेलेला असतो.

समर्थांनीं दासबोधाच्या तिसऱ्या दशकाचा आरंभच जन्मदुःखानें केला आहे; तेथें दुःख सांगितलें आहे तें उदरांतल्या जीवाचें. बाळंतपणाच्या भयाला लोकभाषेंत तरी जागा आहे. बाळंतपण हा बाईचा दुसरा जन्म, असें आजही घरोघर म्हणतात. पहिल्या आठवड्यांच्या भयाचें तोंड मात्र रूढीनेंच बांधलें आहे. तीन महिने होईपर्यंत बाहेर बोलूं नये, दृष्ट लागते! जें बोलावयाचेंच नाहीं, त्यावर ओवी कोण रचणार?

इंग्रजीकडे वळावें, तर सिल्व्हिया प्लाथची 'तीन स्त्रिया' ही आवाजांची काव्यनाटिका १९६२ सालीं बी.बी.सी.नें ध्वनिक्षेपित केली. तींतील दुसरा आवाज कचेरींत काम करणाऱ्या व गर्भ गमावलेल्या एका स्त्रीचा आहे. ती कृति मी थोर मानतों. पण ती स्त्री सावरूं लागते तेथें तिची कथा थांबते. तिला पुन्हां दिवस गेल्यावर काय होतें, हा भाग कवयित्रीच्या योजनेंत नव्हता.

तरी ह्या मौनाबद्दल प्राचीनांना दोष देणें अन्यायाचें होईल. १८८३ सालीं बर्मिंगहॅमच्या लॉसन टेटनें फुटलेली नळी काढून अशा स्त्रीचा जीव वाचविला. त्यापूर्वीं नळी फुटलेली बाई बहुधा मरत असे. दुसऱ्या खेपेची काळजी करावयास ती मागें राहतच नसे. माझी पुतणी सोशीत होती तें भय वाचलेल्या बाईचें भय आहे, आणि भावनेच्या इतिहासांत तें अगदीं अलीकडचें आहे. शिवाय तें एकेरीही नाहीं. ज्या खुणेनें घरांत पेढे यावयाचे, तीच खूण तिला शस्त्रक्रियेच्या दिव्याची आठवण देते.

अर्वाचीनांना मात्र ही सबब नाहीं. गर्भसंस्कारावरील पुस्तकांचे ढीग आज दुकानांतून दिसतात. गर्भवतीनें सदैव प्रसन्न असावें, तिच्या चिंतेचे ओरखडे बाळावर उठतात, हा त्यांतील बहुतेकांचा सूर. अभिमन्यूचा दाखला ठरलेलाच. असलें पुस्तक माझ्या पुतणीनें दोन दिवसांत मिटून ठेविलें. गर्भाचें भय होतेंच, त्यांत आपण भितों ह्या अपराधाची भर पडली. बरें, डॉक्टरांनीं तर तिला सावध राहण्यास बजाविलें होतें: एका कुशींत दुखलें, खांद्याच्या टोकाशीं कळ आली, भोवळ आली, रक्त दिसलें, तर तत्काळ निघून या. जिला देहाकडे कान लावून बसणें प्राप्त आहे, तिला "विचारच करूं नकोस" म्हणून सांगणाराचें गद्य कितीही मधुर असो, तें खोटें आहे.

नवल असें कीं, तिला धीर दिला तो चार पानांच्या एका रूक्ष माहितीपत्रकानें. एकदां असें झालेल्या स्त्रियांत पुन्हां तसेंच होण्याचा संभव दहांत एकाच्या आसपास असतो. अठ्ठेचाळीस तासांच्या अंतरानें रक्त तपासून गर्भाचें संप्रेरक कसें वाढतें तें पाहतात. सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास गर्भ योग्य जागीं आहे कीं नाहीं हें सोनोग्राफींत बहुधा कळतें. इतकेंच. ह्या गद्यांत अलंकार नाहीं, आश्वासनही नाहीं. पण तें वाचणारीला मूर्ख समजत नाहीं, आणि वाट पाहण्याला मुदत घालून देतें. "दहांतल्या नऊ जणी, काका," असें ती त्या रात्रीं जेवतांना दोनदां म्हणाली. दुसऱ्या वेळीं तिचा आवाज थोडा हलला.

असल्या दिवसांचें वाङ्मय मराठींत होईल तेव्हां तें भावगीताच्या वळणानें जाईल असें मला वाटत नाहीं. भावगीताला एक क्षण हवा असतो, आणि येथें तर नुसते दिवस मोजावयाचे असतात. रोजनिशी हा त्याचा स्वाभाविक घाट दिसतो. परत जातांना पुतणीनें माझ्याकडून एक कोरी वही मागून नेली. तिच्या पहिल्या पानावर तिनें माझ्यादेखत तारीख घातली, तिच्याखालीं रक्ततपासणीचा आकडा लिहिला, आणि मधलें एक पान कोरें सोडून पुढच्या पानावर दोन दिवसांनंतरची तारीख घालून ठेविली.