मुका खांब बोलतो तेव्हा

क्रोशाची सुई धरणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं: गोल रुमालात टाके जास्त वाढले की कड सपाट राहत नाही, तिला झालर येते. आपण मुकाट्यानं उसवतो. लाटव्हियाच्या गणितज्ञ डायना तैमिना यांनी १९९७ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात तीच झालर मुद्दाम विणली.

बोल्याई आणि लोबाचेव्हस्की यांनी १८३०च्या सुमारास वेगळी भूमिती मांडली. तिच्यात रेषेबाहेरच्या एका बिंदूतून त्या रेषेला कधीच न मिळणाऱ्या असंख्य रेषा निघतात. हे दाखवायचं कसं? विल्यम थर्स्टन यांनी कागदी पट्ट्यांचा नमुना सुचवला होता, पण तो नाजूक. तैमिनाबाईंनी साधा मुका खांब घेतला. समजा, दर ५ टाक्यांना १ वाढवायचा, प्रत्येक ओळीत हाच नेम. २० टाक्यांची सुरुवात दहा वाढींत सव्वाशेच्या घरात जाते! मग घडी घाला; घडीची रेघ हीच सरळ रेषा. हातानंच तपासा.

याच्या शेजारी गॅब्रिएल दावे यांचं ‘प्लेक्सस ए१’ ठेवून बघू. २०१५ साली वॉशिंग्टनच्या रेनविक गॅलरीत त्यांनी शिवणाचा रंगीत दोरा जमिनीपासून छतापर्यंत ताणला. प्रत्येक दोरा सरळ, पण सगळे मिळून वळणदार पडदा होतो आणि दालनात इंद्रधनुष्य उतरल्यासारखं वाटतं. मेक्सिकोतल्या लहानपणी मुलगा म्हणून त्यांना भरतकाम शिकवलं गेलं नव्हतं, हे कळल्यावर तो दोरा आणखी बोलतो. तरी माझं मत तैमिनाबाईंकडे झुकतं. दाव्यांचा उजेड लांबून बघायचा. डोळे दिपतात, पण सरळातून वळण का निघतं ते दोरा सांगत नाही. लोकरीचा गोळा मात्र उलटासुलटा करता येतो.

तैमिनाबाईंच्या पुस्तकाला आधी विचित्र शीर्षकाचं गमतीचं बक्षीस मिळालं, मग २०१२ साली गणितातला ऑयलर ग्रंथ पुरस्कार. आधी हसू, नंतर मान. बायकांच्या हस्तकलेला हा क्रम नवा नाही. पण ‘त्यांनी गणित सोपं केलं’ ही शाबासकीही मला खटकते. त्यांनी ते सोपं नव्हे, हाताला लागेल असं केलं. आणि आपण विणतो म्हणजे आपोआप गणित करतो, असंही नाही बरं का! झालर का आली हे विचारलं, तिथून गणित सुरू होतं.

म्हणून मुलीला सुई देताना ‘टाका वाढव’ एवढ्यावर थांबू नका. दहाव्या ओळीत किती होतील, ते आधी मोजायला लावा.