'सार्वजनिक' शाळा कोणाची?

वसई-विरार पट्ट्यातील शाळांच्या काही शतकमहोत्सवी स्मरणिका मी वाचल्या. जागा कोणी दिली, वर्ग कोणी बांधून दिले, कोणता विद्यार्थी नावारूपाला आला, हे त्यांत आहे. कोणाला दाराबाहेर ठेवले, कोण चौथीत गळाला, हे नाही. हा देणगीदारांचा इतिहास झाला, शाळेचा नव्हे.

हा भाग ज्या मुंबई इलाख्यात होता, तिथे धारवाडच्या महार मुलाला १८५६ साली सरकारी शाळेत प्रवेश नाकारला गेला. केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्वांना खुल्या आहेत, असे कंपनी सरकारने १८५८ साली कळवले. दार कागदावर उघडले, किल्ली मात्र गावाकडेच राहिली. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण स्थानिक मंडळांकडे सोपवले. हे हस्तांतर थांबवा, अशी मागणी बाबासाहेबांनी १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनपुढे केली. त्यांचा आक्षेप लोकशाहीला नव्हता. मंडळावर कोण बसणार, याला होता. स्मरणिकाकारांना हा प्रश्न पडतच नाही.

प्रश्न जुना झालेला नाही. २००९ साली चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून वसई-विरार महापालिका झाली. शहर महापालिकेचे झाले. गरिबांच्या प्राथमिक शाळा पुढेही वर्षानुवर्षे जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. २०१४ साली जिल्हा फुटला, तेव्हा त्या ठाण्याच्या परिषदेकडून पालघरच्या परिषदेकडे गेल्या. कर एकाकडे, शाळा दुसऱ्याकडे! सधन पालक केव्हाच खासगी शाळांकडे वळले होते. मग या शाळांसाठी नगरसेवकाला जाब कोण विचारणार?

माझ्या घरातला पहिला पदवीधर मी. वडिलांचे नाव कोणत्याही स्मरणिकेत नाही. ते एका शाळेच्या जनरल रजिस्टरात आहे. शाळा सोडल्याचे कारण : 'सतत गैरहजर'. त्या वयात ते मिठागरात राबत होते. कारकुनाने खोटे लिहिले नाही. पण अर्ध्याच सत्याला त्याने 'कारण' म्हटले.

म्हणून विद्यार्थ्यांना आणि शिक्षक मित्रांना माझे सांगणे आहे : स्मरणिका बाजूला ठेवा, जुनी रजिस्टरे उघडा. जात, दाखल झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि कारण, हे चार रकाने शेजारी मांडा. मग ज्यांची नावे मध्येच तुटली, त्यांच्या वस्तीत जा आणि खरे कारण विचारा. आपल्या शाळांचा इतिहास तिथून लिहायला लागेल.